बुंध्याभोवतीचे ब्लॉक कसे काढावेत

मी आयुष्यभर काँक्रीट ओतलं. डिप्लोमा झाल्यावर ओव्हरसियर म्हणून लागलो, साइट इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. मधल्या छत्तीस वर्षांत किती ब्रास खडी डोळ्यांखालून गेली, मोजली नाही. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते झाडांच्या जाणकाराचं नाही, ब्लॉक बसवणाऱ्याचं आहे. एवढंच की बसवलेलं काढायचं कसं, हे बसवणाऱ्याला जरा बरं कळतं.

आमची सोसायटी पुण्यात, आंबिल ओढ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर. १९९४ साली राहायला आलो तेव्हा आवारात नुसता मुरूम होता. पोरं त्यात गल खणून गोट्या खेळायची. पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि चपलांबरोबर जिन्यापर्यंत यायचा. २००९ च्या सर्वसाधारण सभेत ‘आवार एकदाचं नीट करून घ्या’ असा ठराव झाला, एकही हात विरोधात नाही. अंदाजपत्रक मी केलं, उन्हात उभं राहून काम मी करून घेतलं. ६० मिलिमीटर जाडीचे सिमेंटचे झिगझॅग ब्लॉक, कंपाउंडच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत. झाडांपाशी तर ब्लॉक कटरने कापून असे चपखल बसवले की बुंधा आणि ब्लॉक यांच्यात बोट शिरू नये. मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली होती, आठवतंय.

दहा-अकरा वर्षांनी वळवाच्या एका पावसात गेटजवळचा सोनमोहोर दोन स्कूटरींवर आडवा झाला. अग्निशमनवाल्यांनी रात्री फांद्या कापून वाट मोकळी केली. सकाळी दूध आणायला निघालो तर मुळांचा गड्डा उताणा पडलेला. गड्डा कसला, ताटली! खाली खोल गेलेलं जाड मूळ एकही दिसेना. बारकी मुळं होती, पण ती सगळी ब्लॉकखालच्या दोन इंची कचीत, म्हणजे दगडाच्या भुकटीत, पसरलेली, आणि चक्क झिगझॅग. ब्लॉकच्या सांध्यांतून जो काही थेंबभर ओलावा झिरपायचा, त्याच्या मागे ती सांध्यासांध्याने वाढली होती. मी बसवलेल्या ब्लॉकचा साचा मुळांवर उमटला होता. दूध विसरून तिथेच बसलो बराच वेळ.

मुळांना पाणी लागतं हे शाळेतलं पोरही सांगेल. मुळांना हवाही लागते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. झाडाची पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि मातीच्या पोकळ्यांतून श्वास घेतात. आम्ही मात्र त्याच दोन फुटांवर आधी व्हायब्रेटर रोलर फिरवतो, ‘कॉम्पॅक्शन आलं पाहिजे’ म्हणून मुकादमावर ओरडतो आणि मग वर झाकण घालतो. रस्त्यासाठी जे उत्तम, तेच झाडासाठी गळफास.

तर आता कामाचं.

आधी सभेचं

हे काम पहारीने सुरू होत नाही, अर्जाने सुरू होतं. आणि अर्जात पर्यावरण, पृथ्वी, भावी पिढ्या असलं काही लिहू नका. लोक मान डोलावतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो. मी लिहिलं ते असं: ‘एक झाड, एक पावसाळा. काढलेले ब्लॉक पंपरूममागे रचून ठेवीन. दिवाळीनंतर सभासदांना नको वाटलं तर स्वखर्चाने परत बसवून देईन.’ खाली सही, तारीख. परत बसवून देण्याची हमी दिली की विरोध निम्मा गळतो. चेअरमन म्हणाले, “काका, तुम्हीच बसवलेत, आता तुम्हीच काढणार?” म्हटलं, “दुसऱ्या कुणी काढले तर मोडून ठेवेल.”

कायद्याचं कुणी काढलंच तर सांगा, २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, झाडाला इजा करणंही त्यात येतं. हे तुमच्यावरही उलटतं हं. ब्लॉक काढताना मुळं छाटलीत तर इजा तुम्हीच केलीत.

झाड कोणतं घ्यायचं

पहिलं झाड लोकांच्या येण्याजाण्यातलं घ्या, पण गाड्या वळण्यातलं नको. मागच्या कोपऱ्यातलं घेतलंत तर काम सोपं जातं, पण कुणाला दिसत नाही आणि दुसरं झाड मागायला तोंड राहत नाही. अग्निशमनची गाडी जिथून आत येणार ती वाट सोडा. ड्रेनेज चेंबरची झाकणं बघा, दोन चेंबरमध्ये सरळ रेघ ओढा, त्या रेघेवर खणू नका. विजेची केबल आणि गॅसची पाइप कुठून गेली आहे ते जुन्या नकाशात बघा. नकाशा नसेल तर ज्या वॉचमनसमोर त्या टाकल्या त्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

मी बी-विंगसमोरची बकुळ घेतली. आणि छत्तीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर कुणालाही न विचारता पहिल्याच दिवशी अर्ध्या इंची पाण्याच्या लाइनीत पहार घातली. बी-विंगला संध्याकाळपर्यंत पाणी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी बाल्कनीतून म्हणाल्या, “झाडाला पाणी मिळालं ना, झालं तर मग!” म्हणून सांगतो, विचारा.

वेळ

भर उन्हाळ्यात मुळं उघडी पाडू नका. पुण्यात मृगाच्या सुमारास पहिले एक-दोन पाऊस झाले, जमीन जरा मऊ पडली, की सुरू करावं. सकाळी सातला लागलात तर एका झाडाचं काम दोन माणसांत दुपारी जेवायच्या आत होतं. राहिलंच तर उघड्या मुळांवर ओलं गोणपाट टाकून ठेवा. कोरडं वारं लागलेलं बारीक मूळ तासाभरात वाळतं.

पहिला ब्लॉक

सगळी मारामारी पहिल्या ब्लॉकसाठी. ब्लॉकचं अंगण ही एकमेकांत अडकवलेली साखळी असते, मधला ब्लॉक नुसता उचलून निघत नाही. बुंध्याला लागून कापलेले तुकडे बसवलेले असतात, तिथून सुरुवात करा. सपाट छिन्नी सांध्यात घालून कच खरवडून काढायची, मग दोन बाजूंनी दोन जाड स्क्रूड्रायव्हर घालून ब्लॉक थोडा थोडा वर आणायचा. हलतच नसेल तर तो एक फोडा, हातोडीने, बुंध्याच्या उलट दिशेला घाव घालून. एक निघाला की बाकीचे लहान मुलाच्या दातांसारखे निघतात.

ब्रेकर मशीन आणू नका. भाड्याने सहज मिळतं, मजूरही म्हणतात, “साहेब, दहा मिनिटांत करून देतो.” त्या दहा मिनिटांत खालची दोन बोटं जाडीची मुळं तुटतात आणि आपल्याला दिसतही नाहीत. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर घातलेला असला, आमच्याकडे गेटपाशी तसा आहे, तर छिन्नी-हातोडीने बारक्या तुकड्यांत काढायचा. वेळ लागतो. लागू दे.

किती काढायचं? बुंध्यापासून चहूबाजूंनी एक मीटर. बुंधा चाळीस सेंटिमीटर जाडीचा धरला तर साधारण ४.४ चौरस मीटर जागा मोकळी होते. ६० मिलिमीटरच्या ब्लॉकचं वजन चौरस मीटरला १४० किलोच्या आसपास. म्हणजे एका झाडाच्या पायावरून तुम्ही सहाशे किलोहून जास्त काँक्रीट उतरवता. रचताना कमरेला नीट कळतं. ब्लॉक गुडघे वाकवून उचला आणि ढकलगाडीत एकावेळी वीसच्या वर घालू नका.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, आमच्या धंद्यात हे कुणी बोलत नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात. भट्टीला लागणाऱ्या कोळशाचा धूर सोडा, ती चुनखडी स्वतःच भाजताना कार्बन डायऑक्साइड सोडते. भट्टी सूर्यावर चालवलीत तरी तो सुटणारच. जगभरच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. घर बांधायला, पूल बांधायला सिमेंट लागतं, मी नाही म्हणणार नाही. पण चपलेला चिखल लागू नये म्हणून बाराशे चौरस मीटरवर ६० मिलिमीटर काँक्रीट… असो.

खाली काय निघतं

वर कच, खाली दाबलेला मुरूम, त्याच्याखाली बिल्डरने पुरलेला राडारोडा. विटांचे तुकडे, वायरीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, आमच्याकडे एक स्टीलचा चमचाही निघाला. कच खुरप्याने आणि हाताने काढायची. इथे घाई नको, कारण बारीक मुळं नेमकी याच थरात असतात. मूळ दिसलं की आजूबाजूची कच काढा, मुळाला जागचं हलवू नका. रंगावरून ओळखता येतं. जिवंत मूळ नखाने जरासं खरवडलं तर आत ओलं, फिकट दिसतं. मेलेलं सुतळीसारखं सोलतं.

मुरूम खणून काढायचा नाही. त्यातच मुळं धरून झाड उभं आहे. बारक्या लोखंडी सळईने, मुळं चुकवत, दीड-दीड फुटावर फूटभर खोल भोकं पाडायची. सळई मुळावर टेकली की हाताला कळतं, दगडावर टणकन वाजते, मुळावर दबकी वाजते. तसं झालं की भोक चार बोटं सरकवा. सगळी भोकं झाली की एका भोकात तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ बघा. आमच्या बकुळीपाशी पहिल्या दिवशी तांब्याभर पाणी जिरायला पाऊण तास लागला. या भोकांत चाळलेलं कंपोस्ट भरायचं. ओल्या कचऱ्याचं खत सोसायटीत होत असेल तर ते, नाहीतर कुजलेलं शेणखत. ताजं शेण नको.

माझी दुसरी चूक

इथे मी शहाणपणा केला. मोकळी जागा झाली, मग लाल माती आणून छान उंचवटा केला, बुंध्याभोवती सहा इंच. वर नवीन रोपं. फोटो फार देखणे आले. श्रावण संपता संपता बकुळीची पानं पिवळी पडायला लागली. उंचवटा उकरून बघितलं तर बुंध्याची साल काळी, ओली, वास मारणारी. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत उतरतो तो गळा उघडाच राहायला हवा. मातीने गळा झाकला की साल कुजते. ब्लॉकने मरत होतं ते मी मातीने मारायला निघालो होतो. माती त्याच दिवशी काढली, साल वाळू दिली. झाड वाचलं, पण पुढच्या वर्षी फुलं कमी आली.

तेव्हा मोकळ्या जागेची पातळी बाजूच्या ब्लॉकपेक्षा दोन इंच खालीच ठेवा. खोलगट राहिली तरच आजूबाजूचं पाणी तिथे येईल. उंचवटा केलात तर पाणी बाहेर आणि माती गटारात.

काठ

हे फक्त ब्लॉकवालेच सांगतील. मध्ये भोक पाडलं की उरलेल्या ब्लॉकचा आधार जातो आणि ते हळूहळू भोकाकडे सरकायला लागतात. वर्षभरात सांधे फाकतात, कुणाची तरी टाच अडकते, की लगेच ‘बघा, म्हणूनच म्हणत होतो’. म्हणून काढलेल्यातलेच ब्लॉक उभे करून काठाला अर्धे पुरायचे, कर्बसारखे. मध्ये मध्ये दोन बोटांची फट ठेवायची, पाणी आत यायला. सिमेंटने सांधू नका, मोह होतो.

पाला

आता सगळ्यात वादाचा मुद्दा. मोकळ्या जागेवर चार इंच जाडीचा वाळका पाला पसरायचा, बुंध्यापासून वीतभर लांब. त्याच झाडाचा पाला. आजवर आमची झाडणारी बाई तो रोज गोळा करायची, पोत्यात भरायची, पोती महापालिकेच्या गाडीत जायची आणि आम्ही नर्सरीतून पैसे देऊन खताची पोती आणायचो. ही उलटी गंगा वर्षानुवर्षं चालली होती आणि मी, प्रत्येक कामाचं रेट अॅनालिसिस करणारा माणूस, मलाही ती कधी दिसली नाही.

पाला उडतो अशी तक्रार येईल. पहिल्या दिवशी झारीने पाणी मारा, वर चार काटक्या आडव्या टाका. दोन पावसांत बसतो. डास होतील म्हणतील. डासांना साचलेलं पाणी लागतं, तेही आठवडाभर टिकणारं. ते पाल्यात नसतं, कुंडीखालच्या बश्यांत आणि गच्चीवरच्या उघड्या टाकीत असतं. तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांच्या बाल्कनीत मला तशा चार बश्या दिसल्या, त्यांनाच दाखवल्या. शेजाऱ्याशी असं वागू नये, पण मजा आली. सापांची भीती मात्र उडवून लावू नका. लहान मुलं खेळतात तिथे पाला चार इंचांवर जाऊ देऊ नका, विटांचा-फरश्यांचा ढीग शेजारी ठेवू नका.

चिखलाचं काय? एक रस्ता पक्का ठेवायचा. आमच्या विंगमध्ये दोघं वॉकर घेऊन चालतात, एकजण व्हीलचेअरवर. जिन्यापासून गेटपर्यंत चार फूट रुंद ब्लॉकची वाट तशीच आहे आणि ती राहिलीच पाहिजे. प्रश्न त्या वाटेचा कधीच नव्हता. वाट चार फुटांची आणि ब्लॉक भिंतीपासून भिंतीपर्यंत, प्रश्न तिथे होता. ‘मेंटेन्ड’ सोसायटी म्हणजे जिथे माती दिसत नाही, असं आपलं ठरून गेलंय. माझ्या आईच्या वेळी अंगण शेणाने सारवलेलं असायचं आणि त्याला कुणी अस्वच्छ म्हणत नव्हतं. मी स्वतः मात्र तीस वर्षं मातीला ‘साइट क्लिअर करा’ एवढंच म्हणत आलो.

पाण्याचा हिशोब

एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. एका झाडाची मोकळी जागा वर्षाला तीन हजार लिटर थेट झेलते, शेजारून येणारं वेगळं. आमचं अख्खं आवार बाराशे चौरस मीटर. त्यावर पडतं ८ लाख ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चौऱ्याऐंशी टँकर. ते सगळं जिरेल असं नाही, खाली काळा बेसॉल्ट आहे. पण मी उतार एवढा नेमका काढला होता की जवळजवळ सगळंच गेटबाहेर जायचं, तेही पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत. त्याचं मला कौतुक होतं. मे महिन्यात आम्ही टँकर मागवायचो, ती गोष्ट वेगळ्या फाइलला होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याची पात्रं अरुंद झाली, अतिक्रमणं झाली, पाऊस तासाभरात बेफाम पडला, कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांत मोठी मोठी आहेत. पण आम्ही वर राहतो. त्या रात्री वीज गेली होती, मी बॅटरी घेऊन गेटपाशी उभा होतो आणि आमच्या आवारातलं पाणी घोट्याच्या वरून सुसाट खाली चाललेलं बघत होतो. ढाळ उत्तम काढला होता.

पुढे काय होतं

पहिल्या पावसाळ्यात काहीच दिसत नाही. दुसऱ्या जूनमध्ये पाला उलटून बघितला तर खालचा थर चहाच्या चोथ्यासारखा झालेला आणि त्यात गांडुळं. मी सोडली नव्हती. तांब्याभर पाणी जिरायला आता सहा मिनिटं लागतात, परवाच मोजलं. सकाळी दयाळाची जोडी येते, पाल्यात चोच मारून पानं उलटते, टुणकन मागे उडी मारते, परत येते. बकुळ रात्री फुलं टाकते. पूर्वी ती ब्लॉकवर पडून नऊ वाजेपर्यंत करपायची आणि चाकांखाली जायची. आता ओल्या पाल्यावर पडतात, दुपारपर्यंत ताजी राहतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी चारच वेचतात, म्हणतात, “वाकवत नाही, पण वास वर येतो.”

दिवाळीनंतर सभा झाली. सेक्रेटरींनी माझा हमीचा अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, ब्लॉक परत बसवायचे का. सी-विंगच्या एकांनी विचारलं, आमच्या समोरच्या करंजाचं कधी? चेअरमननी लिहून घेतलं आणि विषय लिफ्टच्या वार्षिक कंत्राटावर गेला, तो रात्री साडेदहापर्यंत चालला. करंजाला येत्या मृगात हात घालतोय. पाण्याची लाइन कुठून जाते ते वॉचमनला विचारून ठेवलंय.